वाटणीचा कागद आधी

नल्लकुंटा, हैदराबाद

चि. छकुलीस,


परवा फोनवर तुझा आवाज थकलेला वाटला. परदेशी भगिनी कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांचा, ऑक्टोबरअखेर द्यायचा थ्री-सीईबी अहवाल तोंडावर आलाय आणि परदेशातल्या मूळ कंपनीनं तुमच्या नावावर टाकलेला डिलिव्हरी-खर्चाचा वाटा कशावरून ठरला, हे सांगणारं कुणी सापडेना, म्हणालीस. तुझ्या खरेपणाची मला कधीच काळजी नव्हती, पोरी. काळजी आहे ती घाईची.

उन्हाळ्यात आपल्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा टँकर येतो, त्याचे पैसे घरटी घ्यायचे की माणशी, हे आधी ठरलेलं असलं तर कुणी कुरकुरत नाही. पाणी वापरून झाल्यावर ठरवायला बसलं की मात्र भांडण. तुझ्याकडेही तेच. गोदाम, ट्रक, मालाचा माग काढणारं सॉफ्टवेअर चार भगिनी कंपन्या मिळून वापरतात, तेव्हा खर्च पार्सलांवर वाटायचा, वजनावर की विक्रीवर? दर पायाला आकडा वेगळा, आणि नफा परदेशी सरकवला असा प्राप्तिकर खात्याला संशय. म्हणून तर 2001 च्या वित्त कायद्यानं बंधन घातलं की नात्यातल्या कंपन्यांनीही परक्याशी ठरला असता तोच भाव लावावा. सेवा खरंच मिळाली का, तिचा उपयोग झाला का, हेही टीपीओ, म्हणजे खात्याचा ट्रान्सफर प्रायसिंग अधिकारी, विचारतो. पुरावा नसला तर वाटा शून्यही धरतो.

मर्स्क या जहाज कंपनीच्या खटल्याचा निकाल सवडीनं वाच. त्यांच्या जहाजांच्या मालाची माहिती देणाऱ्या यंत्रणेचा खर्च भारतातल्या एजंटांसह सगळे प्रमाणात उचलत. मुंबईच्या प्राप्तिकर खात्यानं त्याला तांत्रिक सेवेचं शुल्क म्हटलं. वाद नेमका ट्रान्सफर प्रायसिंगचा नव्हता, पण त्यात नफ्याचा अंश नाही हे टीपीओनं आधीच मान्य केलं होतं, आणि 17 फेब्रुवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही ती निव्वळ खर्चाची भरपाई मानली. मला त्यात सर्वात मोलाचं वाटलं ते हे, की वाटणीची रीत दाखवता आली.

तू पहाटे उठतेस, तो तास ईमेलला देऊ नकोस. वाटणीचा पाया, मूळ बिलं, कुणी काय वापरलं त्याचे आकडे, असा एकेक कागद लाव. नियम 10डी प्रमाणे ते आठ वर्षं सांभाळायचे असतात, आणि पुढच्या वर्षाचा वाटणीचा करार एप्रिलमध्येच लिहून घे. अहवाल गेला की दोन दिवस इकडे ये.

तुझे,
आजोबा