भटेरीच्या भंवरी देवीची फिर्याद

लाच पैशाचीच असते, असे आपण समजतो. परंतु तोंड पाहून न्याय करणे हाही भ्रष्टाचारच होय. त्यात नोटांना कोणी हात लावत नाही, एवढेच.

जयपूरनजीकच्या भटेरी गावी भंवरी देवी शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत असे. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचा विवाह रोखण्याचा यत्न केला. त्याच्या सूडापायी पाच पुरुषांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तिची फिर्याद होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने त्या पाचही जणांना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. वरच्या जातीचे पुरुष कुंभार स्त्रीस हात लावतील, हे न्यायालयास संभवनीय वाटले नाही. साक्षीऐवजी जात तोलली गेली!

प्रभूच्या दृष्टान्तातील विधवा आठवा. तिच्यापाशी ना धन होते, ना वशिला. तरी ती न्यायाधीशाचे दार सोडीना. भंवरी देवीही गप्प बसली नाही. तिच्या प्रकरणातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या ‘विशाखा’ निकालाने कामाच्या ठिकाणी स्त्रियांना संरक्षण दिले. २०१३ साली कायदाही झाला. तिचे स्वतःचे अपील मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले.

बंधुभगिनींनो, घरात, मंडळीत, पंचांत आपणही न्यायासनावर बसतो. गरिबाची फिर्याद आपण कशी ऐकतो? उद्या ज्या न्यायासनासमोर उभे राहावयाचे आहे, तेथे आपली प्रतिष्ठा कामी येणार नाही. आपण कोणास दारातून परतविले, हे मात्र विचारले जाईल.