नाव नको

शनिवारी सकाळी राहुरीच्या स्टँडबाहेर उभं राहिलं, की कानावर पहिला शब्द येतो तो "शिंगणापूर, शिंगणापूर". शिर्डी करून आलेले भाविक इथून सोनईमार्गे शनीला जातात. गाडीवाला कुणाला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. "फक्त एक सीट, एक सीट बाकी" असं तो पाच सीट रिकाम्या असतानाही ओरडतो. त्याच्या गाडीइतका मोकळा कारभार आमच्या तालुक्यात दुसरा कुठला असेल असं वाटत नाही. अर्थात त्याला हिशेब सीटांचा करायचा असतो, माणसांचा नव्हे.

या स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही आठ-दहा जण आठवड्यातून एकदा बसतो. निवृत्त मास्तर, एक वकील, शेतीशास्त्रातले एक डॉक्टर, एक औषधदुकानदार असा ऐवज आहे. लोक आम्हांला 'पुरोगामी' म्हणतात. त्यातले निम्मे कौतुकाने, निम्मे चिमटा म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला. मढीची यात्रा म्हणजे अठरापगड जातींची. नाथांच्या समाधीपुढे हिंदू आणि मुसलमान दोघांचे माथे टेकत आले आहेत. ठराव वाचून आमच्या टेबलावर चहा थंड झाला. वकीलसाहेबांनी तिथेच कागद काढून निवेदन लिहिलं. मसुदा चांगला होता, एक शब्द बदलावा असं कुणाला वाटलं नाही. मग सह्यांची वेळ आली आणि मी म्हणालो, "आशय पूर्ण मान्य आहे. फक्त माझं नाव नको."

कारण अगदी साधं होतं. मुलाचं दुकान बाजारपेठेत आहे. माझ्यानंतर दुसऱ्यानेही तेच म्हटलं, तिसऱ्याने मान हलवली. शेवटी निवेदन 'राहुरीतील काही सुजाण नागरिक' या सहीने एका वर्तमानपत्राकडे गेलं. तिथून फोन आला, "हे काही नागरिक म्हणजे नेमके कोण?" कुणीच उत्तर दिलं नाही आणि निवेदन छापून आलं नाही. ठराव पुढे प्रशासनाने रद्द केला, तो आमच्या पत्राशिवायच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय घोळतो आहे. उदारमतवादी मंडळींचं राजकारणात आणि धर्मात काय काम, यावर आपल्याकडे पुष्कळ व्याख्यानं झाली; मीही दोन-चार दिली. पण त्यांचा इतिहास विचारांचा म्हणून वाचण्याऐवजी यादीचा म्हणून वाचला, तर निराळाच दिसतो. कुणाचं नाव यादीत होतं, ती यादी बाहेर आल्यावर कोण जागेवर राहिलं, आणि कोण "मी नुसता बघायला गेलो होतो" म्हणालं?

सुरुवातच पाहा. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बंद दाराआड त्यांनी ते केलंही. आजच्या माणसाला पावाच्या तुकड्याचं हसू येईल, पण त्या काळी त्या तुकड्याची किंमत म्हणजे बहिष्कृत घर आणि लग्न न जमणारी मुलगी. मग १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं कुणी तरी पळवली. त्यात नावं होती. सभेचं तत्त्व चुकीचं ठरलं नव्हतं, कुणी वादात हरवलंही नव्हतं. फक्त यादी फुटली आणि सभा संपली. सात वर्षांनी त्याच वर्तुळातून, दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला. तो उघड होता. पण आता अट पाव खाण्याची नव्हती, प्रार्थनेची होती. अंगाशी येणारी गोष्ट वगळून उरलेली सुंदर गोष्ट घ्यायची, ही आमची सवय तेव्हापासूनची असावी.

दुसरी यादी पुण्याची. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी या खट्याळ गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. न्यायमूर्ती रानडे त्यात होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. मित्रांच्या घरी त्रास होतो, त्यांना एकटं पाडायचं नाही, म्हणून. मला हे प्रायश्चित्त पूर्वी दुबळेपणाचं वाटायचं. आता तितकं सोपं वाटत नाही. रानडे मागे सरले ते स्वतःच्या सोयीसाठी नव्हे. पण चहाचा कप तेवढा जिंकला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसमध्ये, सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडवसुद्धा मिळाला नाही. रानड्यांनी ती दुसरीकडे भरवली. राजकारणाने सुधारणेला दिलेला तो पहिला स्पष्ट निरोप. राजकारणाला माणसं मोजायची असतात आणि उदार मंडळी मोजणीत नेहमीच कमी भरतात. म्हणून आजही आमच्या सभांतून भाषणाचं पहिलं वाक्य फुले-शाहू-आंबेडकरांचं असतं आणि दुसऱ्या वाक्यापासून कारखान्याचा भाव सुरू होतो.

या सगळ्यात मला जवळची वाटते ती एक बाई. तिचं नाव कुठल्याही सभेच्या यादीत नव्हतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. मधली काही वर्षं ताटातुटीची गेली. मग त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, त्या आपला धर्म बरोबर घेऊन. वेगळी चूल, वेगळं पाणी, वेगळं सोवळं. एकाच बिऱ्हाडात दोन धर्म, आणि मधली भिंत म्हणजे एक हंडा. टिळकांचा स्वभाव तापट, एरवी घरात भांड्याला भांडं लागायचं. पण या बाबतीत त्यांनी बायकोला ओढलं नाही. ती आपल्या पायांनी आली. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने कुठल्या व्याख्यानातून उचलला नाही. पाणी भरता भरता, विटाळ सांभाळता सांभाळता तो तिच्याच मनात उभा राहिला आणि तिनेच तो निकालात काढला. आधी तिच्या हंड्यावरची शिवाशिव गेली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. पुढे या दांपत्याचं बिऱ्हाड काही काळ आमच्या राहुरीत होतं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना राहुरीचं नाव आलं की मी अजूनही एकदा थांबतो. गाव तेच, मुळेचं पाणी तेच, मला मात्र सही करवत नाही.

टिळकांचा शेवटचा उद्योग फार लोकांना ठाऊक नसतो. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्त हवा, पण त्याच्याबरोबर येणारा साहेबी थाट नको. चर्चच्या वहीत ज्याचं नाव नाही त्यालाही आपला म्हणायचं, ही कल्पना एका पाळकाने करावी हे मोठं धाडस होतं. हिंदूंना ते ख्रिस्ती म्हणून परके आणि मिशनला आता जरा जास्तच हिंदी. मे १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार पसरायच्या आतच थांबला. धर्माच्या आत राहून धर्म सैल करणाऱ्या माणसाला दोन्हीकडचे दरवाजे बंद मिळतात, ते असे.

आता पुन्हा शिंगणापूरकडे. राहुरीहून सोनईच्या रस्त्याला लागलं की बैलांच्या घाण्यावर ऊस पिळणाऱ्या रसवंत्या सुरू होतात, मग तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या पानांच्या माळा. घरांना दारं नाहीत म्हणून हे गाव जगात प्रसिद्ध. दारं नसलेल्या गावात फक्त एक जागा बायकांना बंद होती, ती म्हणजे शनीचा चौथरा. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यासाठी मोहीम काढली. डॉ. श्रीराम लागू, एन. डी. पाटील, पुष्पा भावे अशी माणसं तिच्यात होती. त्यांना वाटेतच अडवलं गेलं. भावना दुखावल्याचा गलका झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलं. २०१३ च्या २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. नाव न लपवण्याची किंमत कुठवर जाते ते आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. आमच्यापैकी पुष्कळांचं 'नाव नको' तिथूनच सुरू झालं, हे कबूल करायला हवं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली. दुसऱ्या दिवशी शनीला दुधाने शुद्ध करण्यात आलं. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी तृप्ती देसाईंची भूमाता ब्रिगेड निघाली, तिला पोलिसांनी सुप्यालाच रोखलं. वाहिन्यांवर धुरळा उडत असताना विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात शांतपणे याचिका दाखल केली. 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या विद्याताईंचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी आधार घेतला तो १९५६ च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्याचा. मला यातली गंमत अशी दिसते, की कायदा साठ वर्षं फाइलीत बसून होता. देवळात जाणाऱ्याला जो अडवेल त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. कोणत्याही सरकारने तो मागे घेतला नाही आणि वापरलाही नाही. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सांगितलं, की जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईला अडवता येणार नाही, आणि हा हक्क राखणं सरकारचं काम आहे.

तरी दार उघडलं ते न्यायालयाने नव्हे. देवस्थानाने तोवर एक नामी तोड काढली होती: चौथरा पुरुषांनाही बंद! समानतेचा इतका काटकसरी अर्थ घटनाकारांनाही सुचला नसता. पण ८ एप्रिलला गुढीपाडवा आला. पाडव्याला प्रवरासंगमाहून आणलेल्या पाण्याने शनीला स्नान घालायची जुनी रीत. गावोगावची पोरं कावडी घेऊन आली आणि बंदी धुडकावून चौथऱ्यावर चढली. एकदा पुरुष चढले म्हटल्यावर बायकांना कायद्याने अडवता येईना. त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना खुला केला. परंपरेचं दार परंपरेच्याच धक्क्याने उघडलं. पण दाराची कडी सोळा वर्षं कुणी तरी खिळखिळी करत बसलं होतं, म्हणून त्या धक्क्याला ते निघालं. वाहिन्यांना कावडी दिसल्या, कडी दिसली नाही.

उदार मंडळींचं काम मला साधारण असंच दिसतं. गर्दी त्यांना जमत नाही आणि जमवायला गेली तर हास्यास्पद होतात. नाव घालून कागद तयार ठेवायचा, तो धूळ खाऊ द्यायचा, आणि वेळ येते तेव्हा हजर असायचं. साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना मोकळं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपास केला तेव्हा सगळ्यांना उपास दिसला. त्याआधी ते महिनोन्‌महिने गावोगाव फिरून देवळं आणि पाणवठे मोकळे करा म्हणून हात जोडत होते. विठ्ठलावर त्यांची स्वतःची माया होती, म्हणून वारकरी त्यांना परका म्हणू शकले नाहीत. आमच्या टेबलाची अडचण नेमकी तिथे आहे. आम्ही देवळात जात नाही, यात्रेत जात नाही, भंडाऱ्याला बसत नाही, आणि मग यात्रेने कसं वागावं यावर शुद्ध पुणेरी मराठीत निवेदन काढतो. तेही बिननावाचं.

जून २०२५ मध्ये तिसरी यादी आली, ती शिंगणापूरची. देवस्थानाने १६७ कर्मचारी कमी केले. त्यांत ११४ मुसलमान. कारण सांगितलं गेलं ते गैरहजेरीचं आणि बेशिस्तीचं. त्याआधी मुस्लिम कर्मचाऱ्यांना काढा म्हणून हिंदुत्ववादी संघटनांनी मोर्चाचा इशारा दिलेला होता. ज्या चौथऱ्यासाठी एवढा लढा झाला, त्याच्या आवारातून ही माणसं घरी गेली आणि जिल्ह्यात फारसा आवाज उठला नाही. बायकांच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या बाजूला घटना होती, न्यायालय होतं, कॅमेरे होते. या वेळी फक्त माणसं होती, आणि ती शेजारच्याच गावांतली.

त्या आठवड्यात वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांनी नवा मसुदा केला होता, जुन्यापेक्षा लहान.

"या वेळी 'काही नागरिक' चालणार नाही," ते म्हणाले. "खाली नावं लागतील. पत्त्यासकट."

मी विचारलं, "आतापर्यंत किती झाली?"

"तुमचं सांगा मास्तर, मग मोजतो."

मी फोन हातात धरून बाजारपेठेकडे बघत राहिलो. मुलगा शटर वर करत होता. बाहेर गाडीवाला ओरडत होता, एक सीट, फक्त एक सीट बाकी.