शेवटच्या बाकाचा निधी

भंडारा जिल्ह्यात भाताची रोवणी आणि कॉलेज एकाच सुमारास सुरू होतात. पावसाने जोर धरला की लाखांदूर, पवनी, साकोलीकडच्या बांध्यांमध्ये चिखलणी होते, पऱ्हे उपटले जातात, आणि त्याच दिवसांत प्रथम वर्षाचे तास भरू लागतात. ज्या घरी शेती नाही, नुसती मजुरी आहे, त्या घरची मुलगी आईबरोबर रोवणीला जाते. तिची पुस्तके आणि एसटीचा पास त्याच मजुरीतून यायचा असतो. ती वर्गात येते तेव्हा पहिले प्रकरण शिकवून झालेले असते, मैत्रिणींचे गट जमलेले असतात. ती शेवटच्या बाकावर बसते, आणि बहुधा तीन वर्षे तिथेच राहते.

हजेरीपटावर तिचे नाव आहे, प्रवेशाच्या आकड्यांत ती मोजली गेली आहे. पण स्नेहसंमेलनात, वार्षिकांकात, प्रश्न विचारणाऱ्यांत ती कुठेच नसते.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारपुढे एक सरळ हिशेब मांडला होता. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना तुम्ही दरवर्षी तीन-तीन लाख रुपये देता, मग अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी तेवढीच रक्कम का नाही? त्या मागणीतून पुढे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती उभी राहिली. याच भंडाऱ्यातून १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेब हरले. पण इथल्या किती घरांतले पहिले पदवीधर त्या शिष्यवृत्तीवर शिकले असतील! ती त्यांना कॉलेजपर्यंत घेऊन आली. आत आल्यावर कोणाशेजारी बसायचे, कोणत्या भाषेत बोलायचे, कोणाला विचारायचे, हे मात्र शिष्यवृत्तीच्या कक्षेबाहेरचे आहे. ते काम विद्यार्थीच एकमेकांसाठी करू शकतात, आणि त्यालाही थोडे पैसे लागतात.

किती थोडे, ते पाहा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो आणि वडील बांधीत असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला, बँकेच्या खात्याला आधार जोडलेला नाही. हे सगळे गेल्या वर्षी निस्तरलेले दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी कॉलेजातच असतात. त्यांना एक संगणक, प्रिंटर आणि बसायला कोपरा मिळाला तर किती अर्ज वेळेत जातील. दृष्टिहीन मित्रासाठी मराठीची पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायची, तर बरा मायक्रोफोन आणि शांत खोली पुरे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो. त्यातले कोणते आपल्या वर्गात आहे, हे प्राध्यापकांआधी शेजारी बसणाऱ्याला कळते.

आणि बोली. ‘डोळा’ न म्हणता कोणी ‘डोरा’ म्हणाले की वर्गात हसू फुटते. ते हसू क्रूर नसेलही, पण त्यानंतर ती मुलगी हात वर करत नाही. तिच्या त्या झाडीबोलीचा शब्दकोश साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केला आहे. विद्यार्थ्यांनी ठरवले, आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून रोवणीची गाणी, दंडार या लोकनाट्यातले संवाद, शेतीचे शब्द गोळा करायचे, तर त्या कामात सगळ्यात जाणकार कोण ठरेल? शेवटच्या बाकावरची तीच मुलगी. शहरातला हुशार मुलगा वही घेऊन तिच्या आजीसमोर बसेल आणि अर्थ तिला विचारेल. समावेशनावरच्या दहा व्याख्यानांनी जे साधत नाही ते अशा एका दुपारी साधते, असे मला मनापासून वाटते. खर्च एवढाच: काही जणांचे बसभाडे, थोडी छपाई.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. वर्षाचे १२० तास, सात दिवसांचे निवासी शिबिर. त्या शिबिरात एकाच पंगतीत जेवून कितीतरी भिंती पडल्या आहेत. पण तिथला कार्यक्रम बहुतेक वेळा वरून ठरून येतो. मला हवा आहे तो निधी वेगळा: चार-पाच हजारांचा, विद्यार्थ्यांनी स्वतः हेरलेल्या अडचणीसाठी, त्यांनीच मागितलेला. तो मंजूर करणाऱ्या मंडळात वसतिगृहातली मुलगी हवी, रोज गावाहून येणारा मुलगा हवा, दिव्यांग विद्यार्थी हवा. नाहीतर नेहमीचेच चार वक्ते तो मिळवतील आणि अर्धी रक्कम बॅनरवर जाईल.

मुलांच्या हाती पैसे कसे द्यायचे, ही प्राचार्यांची काळजी खोटी नाही. लेखापरीक्षणाला उत्तर त्यांनाच द्यावे लागते. तरी आठवावे की भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामेही स्वतःच करत. ते चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या मुलांवर त्या दांपत्याने एवढा भरवसा टाकला, त्यांच्यासारखीच मुले आज आपल्यासमोर आहेत. पाच हजारांचा खर्च ती पावत्यांसह सूचनाफलकावर लावतील. तिसऱ्या वर्षी निघताना अर्जांच्या अडचणी टिपलेली वही पहिल्या वर्षाच्या कोणाच्या तरी हाती देतील, कारण अर्ज पुढच्या जुलैतही भरायचेच आहेत.