दगडाचा नाग आणि शेतावरचा नाग



लातूर, नांदेड, बिदर भागांतून ज्यांचे वाडवडील नोकरीसाठी, व्यापारासाठी हैदराबादेत आले, अशा आपल्या कित्येक भक्तांना आता शहर नकोसे झाले आहे. कुणी चेवेल्ल्याकडे, कुणी शंकरपल्लीकडे, कुणी विकाराबादच्या रस्त्याला एखादा एकर घेतला आहे. दोन खोल्या, विहीर, आंब्याची चार झाडे आणि उरलेले आयुष्य लिंगपूजेत, असा त्यांचा संकल्प असतो. संकल्प चांगला आहे. पण पहिला पाऊस पडतो आणि उंबऱ्यापाशी साप दिसतो, कुत्र्याच्या कानात गोचीड सापडतात, दिवेलागणीला डासांचा थवा उठतो. मग मन चलबिचल होते.

असेच एक सेवानिवृत्त गृहस्थ मठात आले. गृहप्रवेश जवळ आला होता. त्यांनी विचारले, "स्वामीजी, साप येऊ नयेत म्हणून काही विधी सांगा. एखादा दोरा, एखादे यंत्र."

मी विचारले, "शेतावर रात्री कोण राहते?"

"राखणदार राहतो. त्याची बायको आणि दोन लेकरे."

"ती कशावर झोपतात?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालीच. पंपाच्या खोलीत, पोते अंथरून."

वाचकहो, या लेखाचा सारा विषय या एका उत्तरात आहे.

महात्मा बसवेश्वरांचा दगडी नागाचा दाखला आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. माणूस दगडाच्या नागाला दूध वाहतो आणि जिवंत नाग दिसला की काठी शोधतो. नागपंचमीला प्रवचनात हा दाखला निघतो आणि आपण हसून मान डोलावतो. परंतु त्या वचनाचा उत्तरार्ध आपण सोयीने विसरतो. तो सापाविषयी नाहीच. तो दारात उभ्या असलेल्या भुकेल्या जंगमाविषयी आहे. जो खाऊ शकत नाही त्याच्यापुढे नैवेद्य, आणि ज्याला भूक आहे त्याला मात्र पुढे जा म्हणायचे, यावर त्यांचे बोट आहे. म्हणजे बसवण्णा एकाच श्वासात दोन जिवंतांची आठवण देतात. एक बिळातला, दुसरा दारातला. शेतावर राहायला जाणाऱ्याला या दोघांचेही देणे लागते.

आधी बिळातल्याचे पाहू. हैदराबादच्या भोवतीची भूमी कातळाची. एकावर एक रचल्यासारखे ते प्रचंड धोंडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या फटी ही सापांची जुनी घरे. आपण तिथे मागाहून गेलो. अक्कमहादेवींनी डोंगरावर घर बांधून श्वापदांना भिणाऱ्या माणसाचा दाखला दिला, तो निंदा-स्तुतीत मन शांत ठेवण्यासाठी. पण शेतावरच्या गृहस्थाने तो शब्दशः घ्यावा. जिथे राहायचे ठरवले तिथल्या शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी.

ओळख फार कठीण नाही. आपल्या भागात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. तेलंगणातले शेतकरी मण्यारीला कट्लपामु म्हणतात, घोणसला रक्तपिंजर. ही नावे शिकून घ्या, कारण तुमचा राखणदार याच नावाने हाक देणार आहे. धामणीसारखे बाकीचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि उंदीर खाऊन धान्य राखतात. तेही कायकच करतात असे म्हणायला हरकत नाही. साप दूध पिण्यासाठी जन्मलेला नाही. तो उंदरामागे येतो, आणि उंदीर तुमच्या सांडलेल्या धान्यामागे. तेव्हा धान्य झाकणाच्या कणगीत ठेवा. सरपण, विटा, गोवऱ्या यांचा ढीग भिंतीला टेकवू नका. दाराखालची फट बुजवा, मोरीच्या तोंडाला जाळी लावा. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, पायात बूट घाला, ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. साप घरात शिरलाच तर त्याला मारू नका, पकडायलाही जाऊ नका. दुरून नजर ठेवा आणि जाणत्यांना बोलवा. हैदराबादेत १९९५ पासून फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी ही संस्था हे काम करीत आहे. सापाला मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. पण ज्यांनी दयेला धर्माच्या मुळाशी ठेवले, त्यांच्या अनुयायांना कायद्याची भीती घालावी लागू नये.

आता दारातल्याकडे वळू. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार. ही माणसे बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. आणि मण्यारीची रीत पाहा. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा वेदना नसते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. उंच बाज आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने हे मरण बव्हंशी टळते. तुम्ही पलंगावर झोपता. पोत्यावर कोण झोपते?

त्या गृहस्थांना मी म्हणालो, "तुमच्या घराची वास्तू नंतर. आधी चार बाजा आणि मच्छरदाण्या घ्या. हाच तुमच्या गृहप्रवेशाचा दासोह."

डासांचीही गोष्ट अशीच आहे. हिवताप डासातून पसरतो याचा पुरावा याच शहरात मिळाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्या रोगाचा जंतू दिसला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ज्याने आपले अंग त्या डासांपुढे धरले, तो हुसेन खान नावाचा गरीब रुग्ण होता. डासामागे त्याला एक आणा मिळे. त्याचे नाव आपण घ्यावे. आणि हौद, पिंप, टायरे, कुंड्यांखालच्या बश्या आठवड्यातून एकदा रिकाम्या कराव्यात.

गोचीड हा लहान जीव, पण हलका समजू नये. अक्कांची जन्मभूमी उडुतडी ज्या शिमोगा जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ साली माकडतापाची पहिली ओळख झाली. तो गोचिडांतूनच पसरतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो. ताप आणि अंगावर कुठेतरी काळी खपली असेल, तर डॉक्टरांना शेतावर राहतो हे आवर्जून सांगा. वेळीच ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. गोचीड चिकटला तर रॉकेल ओतू नका, काडीने भाजू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

आणि दंश झालाच तर? इथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला तास परत मिळत नाही. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. अशा वेळी मांत्रिकाचा मंत्र खरा ठरतो, आणि त्या भरवशावर पुढचा माणूस जातो. इष्टलिंग तळहातावर घेतल्याने मनाला धीर येतो, तो जरूर घ्यावा. विभूती कपाळाला लावावी, जखमेला नव्हे. विष उतरवणे हे अँटिव्हेनमचे काम आहे. रुग्णाला आडवे करा, चालवू नका. अंगठी, बांगडी, जोडवी काढा. हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, पण रक्त अडेल असा दोर आवळू नका. कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. अँटिव्हेनम असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे संकटात नव्हे, जमीन घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा. राखणदाराला वाचता येईल त्या भाषेत लिहा.

पुढल्या महिन्यात ते गृहस्थ पुन्हा आले. म्हणाले, "स्वामीजी, बाजा घेतल्या. धाकटी पोर पहिल्या रात्री बाजेवरून उतरायलाच तयार नव्हती." मग हळूच म्हणाले, "पंपाच्या खोलीतली फरशी उचकटली, तर खाली बीळ निघाले."

त्यात साप होता की नाही, मी विचारले नाही. पोर वर झोपली होती, एवढे पुरे होते.

येत्या नागपंचमीला दुधाची वाटी हातात घ्याल तेव्हा, बंधूंनो, क्षणभर थांबा. ते दूध त्या पोरीला द्या.

शरणु शरणार्थी.