कुत्रा पाळणें आणि आजीची शंका

घरांत कुत्रा आणावा किंवा नाहीं, हा प्रश्न छापून चर्चा करण्याजोगा आहे काय, असें कोणी विचारील. परंतु ज्या घरांत चार माणसें होकार देतात आणि पांचवें गप्प बसतें, त्या घरांत हा प्रश्न मुळींच लहान नसतो. कुत्र्याचें आयुष्य सामान्यतः दहा ते तेरा वर्षांचें. तितका काळ त्याचें अन्न, पाणी, आजारपण व राखण हीं सर्व कोणाच्या तरी हातांवर पडावयाचीं असतात. ते हात कोणाचे आणि त्यांनीं होय म्हटलें आहे काय, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत कुत्र्याचा मोह विशेष आहे, आणि तो साहजिकही आहे. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव कारवानी कुत्र्यांकरितां प्रसिद्ध आहे. लांब मुख, उंच पाय, खोल छाती आणि आंत ओढलेलें पोट, अशी त्याची बांधणी. ह्याच घराण्याचा मुधोळ संस्थानांत जोपासला गेलेला कुत्रा २००५ सालीं भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर झळकला. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या यात्रेंत घोडे, गाढवें व उंट यांच्या बाजाराबरोबर कुत्र्यांचेंही प्रदर्शन भरतें. तेथें एखादें तेजस्वी पिल्लूं पाहून तरुणाचें मन त्याच्यामागें गेलें तर नवल नाहीं. मात्र सशामागें धांवण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला हा प्राणी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, परंतु त्याच्या पायांतील धांव बंद झाली नाहीं. त्याला अंगणांतील खुंटीला बारा महिने बांधून ठेवणारा मनुष्य त्याची हौस करितो, त्याला पाळीत नाहीं. गांवठी पिल्लाची गोष्ट निराळी. तें फुकट मिळतें, आणि फुकट मिळतें म्हणूनच त्याचा विचार आणखी कमी होतो.

आतां बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतील, म्हणजे कंधार, मुखेड, जळकोट किंवा अहमदपूर तालुक्यांतील एक घर डोळ्यांपुढें आणा. दिवाळी झाली कीं नवराबायको ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पांच-सहा महिने कारखान्याच्या फडावर, कोपींत राहावयाचें. घरीं राहते ती म्हातारी आणि शाळेंत जाणारीं दोन नातवंडें. अशा घरांत श्रावणांत मुलगा एक पिल्लूं उचलून आणतो. नातवंडें नाचूं लागतात, सून हंसते. म्हातारी म्हणते, “कशाला आणलंस रं बाबा?” आणि पुन्हां चुलीकडे वळते.

ह्या चार शब्दांचा अर्थ लावण्याचे श्रम फार थोडे लोक घेतात. आजीला दया नाहीं, किंवा जुन्या विटाळाच्या कल्पना तिच्या मनांतून गेल्या नाहींत, असें म्हणून मोकळे होतात. विटाळाची कल्पना कांहीं घरांत असेलही. ती समजावून दूर करावी, तिच्यावर अधिक लिहिण्याची जरूर नाहीं. परंतु त्या चार शब्दांत बहुधा दुसरेंच कांहीं भरलेलें असतें.

एक तर भय असतें, आणि तें पोकळ नसतें. पिसाळलेला कुत्रा चावून पाण्याला भिऊं लागलेलें माणूस तिनें लहानपणीं पाहिलेलें असूं शकेल. पोटांत घ्यावयाच्या चौदा सुया तर त्या पिढींतील सर्वांच्या स्मरणांत आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशांत सुमारें वीस वर्षांपूर्वीं बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें ह्या रोगानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात, त्यांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक भारतांत, आणि मरणारांत मुलें पुष्कळ. रोगाचें विष जखमेंतून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे चढतें; लक्षणें दिसूं लागल्यावर बहुतेक कोणीही वांचत नाहीं. परंतु त्यापूर्वीं उपाय खात्रीचा आहे. जखम ताबडतोब साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, तिच्यावर चुना किंवा मिरची लावूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन दंडावर लस घ्यावी. जखम खोल असल्यास तिच्याभोंवतीं वेगळें औषधही टोंचतात. पिल्लूं तीन महिन्यांचें झाल्यावर त्याला लस टोंचली, पशुवैद्य सांगेल तेव्हां दुसरी दिली व पुढें दरवर्षीं ती चुकविली नाहीं, तर घरांतील कुत्र्यापासून हें भय जवळजवळ उरत नाहीं. हें सर्व आजीला बसून सांगावें. तिच्या भयाला हंसून उडविणारा मुलगा लसीची तारीखही तशीच उडवील, असा तर्क तिनें केला तर आम्ही तिला दोष देणार नाहीं.

दुसरी गोष्ट श्रमाची आहे, आणि ती भयापेक्षां अवघड, कारण तिच्यावर लस नाहीं. कुत्र्याला रोज दोन भाकरी लागतील. त्या थापणार कोण? ज्वारी दळून आणणार कोण? उन्हाळ्यांत पाण्याचा प्रश्न तर ह्या भागांतील माणसाला शिकविण्याची गरज नाहीं. २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें लातूर शहरासाठीं पाणी आणावें लागलें. ज्या ऋतूंत हंडा मोजून भरावा लागतो, त्या ऋतूंत कुत्र्याच्या ताटलींतील पाणीही कोणीतरी डोक्यावरून आणलेलें असतें. मुलगा तेव्हां दूर फडावर असतो. त्याची दया श्रावणांतील एका संध्याकाळची; तिची दया फाल्गुन, चैत्र, वैशाख ह्या महिन्यांची.

आणखी एक शंका ती कधींच बोलून दाखवीत नाहीं. तिचें वय सत्तर. पिल्लाला पुढें तेरा वर्षें आहेत. त्याचा जीव तिच्यावर बसेल आणि मग काय, हें तिनें मनांत मोजलेलें असतें.

अशा प्रसंगीं आपल्या मंडळ्यांत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार काढण्याची चाल आहे. मूर्तीपुढील मांस खाण्यानें दुर्बळ बंधूस अडखळण होत असेल तर आपण तें सोडावें, तसें आजी दुर्बळ आहे, तिच्यासाठीं कुत्रा सोडून द्या, असें कोणी सांगतो. हेतु चांगला आहे, पण हा दाखला येथें बसत नाहीं. पौल विवेक दुखावल्याचें बोलतो. आजीचा विवेक दुखावलेला नाहीं. तिची कंबर दुखते. तिला दुर्बळ श्रद्धेची ठरवून तिच्यावर उपकार केल्यासारखें माघार घेणें हा तिचा दुसरा अपमान होय. ह्याच मुलखांत, आजच्या हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी ह्या गांवाशीं ज्यांचें नांव जोडलें आहे त्या नामदेवांची एक कथा सांगतात. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां ती कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. ही कथा ऐकून डोळे भरून येणारे पुष्कळ आहेत. पण तूप त्यांच्या वाट्याचें होतें आणि पायही त्यांचेच होते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

होकार मिळविण्याची एक रीत सर्वत्र चालते. आधीं पिल्लूं आणावयाचें आणि मग म्हणावयाचें, “आतां आणलंच आहे, कुठं टाकूं?” ही रीत आम्हांस निंद्य वाटते. त्या बिचाऱ्या जिवाचें तोंड पुढें करून म्हाताऱ्या माणसाचें तोंड बंद केलें जातें. जी माता मुलाच्या कमाईवर भाकरी खाते, तिनें गप्प बसणें म्हणजे संमति देणें नव्हे. तिनें “नको” म्हटल्यावरही आपलें ताट सुरक्षित आहे, अशी तिची खात्री असेल, तरच तिच्या “बरं” ह्या शब्दाला किंमत आहे.

मग घरांतील एका माणसाच्या शंकेनें सर्वांची इच्छा कायमची अडावी काय? आमच्या मतें, नाहीं. शंकेला कृतीनें उत्तर मिळालें आणि भार खरोखर दुसऱ्यानें उचलला, तर केवळ नावडीसाठीं नातवंडांचा आनंद मोडणें आजीलाही शोभणार नाहीं. बारा वर्षांचा नातू पाणी घालूं शकतो. पण बारा वर्षांच्या मुलाचें वचन परीक्षेच्या दिवसांत किती टिकतें, हें सर्व जाणतात, म्हणून त्याच्यामागें एक मोठें माणूस हवें. कुत्र्याच्या वांट्याची ज्वारी उचलीच्या पैशांतूनच आधीं बाजूला काढावी लागेल. आणि हें जमत नसेल, तर दया दाखविण्याचा मार्ग तेवढ्यानें बंद होत नाहीं. गल्लींतील कुत्र्याला शेजाऱ्यांनीं मिळून लस टोंचवून घ्यावी. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें त्याचें निर्बीजीकरण करून त्याला त्याच जागीं सोडण्याची सोय पंचायतीकडे मागावी.

शंका न ऐकतां आणलेल्या कुत्र्याचें काय होतें, हें गांवोगांवीं दिसतें. पिल्लपण संपतें, तो कोंबड्यांमागें लागतो, एक दिवस पाहुण्याला चावतो, आणि कोणीतरी त्याला पोत्यांत घालून दुसऱ्या गांवच्या शिवेवर किंवा आठवडी बाजारांत सोडून येतो. तेथील कुत्रीं त्याला जवळ येऊं देत नाहींत. दार त्याला ठाऊक असतें, वाट ठाऊक नसते. पाळलेलें जनावर उपाशीतापाशी असें टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पण पोत्याचा साक्षीदार कोण? आपल्याला घरीं न्या असें त्या प्राण्यानें कोणाला म्हटलें नव्हतें. त्या श्रावणांतल्या संध्याकाळीं त्याच्या बाजूनें विचार करणारें एकच माणूस घरांत होतें, आणि तें चुलीकडे वळलें होतें.

म्हणून मुलानें पिल्लूं आणण्यापूर्वीं आईजवळ बसावें आणि तिलाच विचारूं द्यावें, “फाल्गुनांत मी आजारी पडले, तर ह्याला पाणी कोण देईल?” उत्तरादाखल एखाद्या माणसाचें नांव, त्या माणसाला विचारून, सांगतां येईपर्यंत पिल्लूं आपल्या आईपाशींच असूं द्यावें. आठ आठवड्यांच्या आंत तर त्याला तिच्यापासून तोडूंच नये.