शोक आणि सत्य

१२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात रशियाची ‘कुर्स्क’ ही पाणबुडी बुडून ११८ जण मृत्यू पावले. नौदलाने आरंभी परकीय नौकेच्या धडकेकडे बोट दाखविले. आप्तांनी सत्याचा आग्रह सोडला नाही. २००२ मध्ये चौकशीअंती कारण ठरले ते पाणबुडीतीलच पाणतीराचा स्फोट. खटला मात्र कोणावरही झाला नाही.

पुत्र देशासाठी गेला, म्हणून तो कसा गेला हे मातेने विचारू नये काय? आत्म्याचे अमरत्व हे शोकावरील औषध होय, अपराधावरील पांघरूण नव्हे. कुरुक्षेत्रावरील युद्धानंतर विजयी युधिष्ठिर गांधारीपुढे हात जोडून उभा राहिला आणि तिच्या पुत्रांचा घातक आपणच, असे त्याने सांगितले. त्या उत्तराने राजाचे तेज उणावले नाही. सत्याने गेलेला पुत्र परत येत नाही. परंतु दुसऱ्या मातेचा वाचू शकतो.