सातपूरच्या डोंगरावरची देवराई

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी पहिल्या पाळीची लगबग असते. इथे गाड्यांचे टायर बनतात, विजेची उपकरणं बनतात. अनेक नाशिककरांचा पगार त्यातूनच येतो.

याच वसाहतीजवळ फाशीचा डोंगर आहे. 5 जून 2015 रोजी, पर्यावरण दिनी, ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेला ओ देऊन हजारो नाशिककर वनखात्याच्या या जमिनीवर झाडं लावायला आले. देवराई उभी करायची होती.

झाडं निवडली ती देशी. मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्प झटपट वाढतं, म्हणून राज्यात अनेक डोंगरांवर तेच लावलं गेलं. डोंगर लवकर हिरवा दिसतो खरा. पण त्याचं बी उंदरांना विषारी, आणि इथल्या पाखरांनाही त्याचा फारसा उपयोग नाही.

फोटो एका दिवसात निघतात, झाड मात्र तेवढ्यावर जगत नाही.

पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, आळी करावी लागतात. वणवा लागू नये म्हणून वाळलेलं गवत वेळेवर कापावं लागतं. स्वयंसेवक ही कामं नोकरी-धंदा सांभाळून करतात, तीही सुटीच्या सकाळी, ऊन चढायच्या आत.